एक खजूर म्हणजे किती?

साखर सोडलेल्या माणसांकडे नीट पाहिलं की एक गंमत दिसते. चहा बिनसाखरेचा, केक समोर आला तर मान वळवलेली, बिस्किटाच्या पुड्यावरचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचलेला. आणि जेवण झालं की खजुराचा डबा मात्र बिनदिक्कत उघडतो. दोन घेतले जातात, मग आणखी एक, मग हा जरा छोटाच निघाला म्हणून त्याच्या जोडीला अजून एक. साखरेचा चमचा मोजणारी तीच माणसं इथे हिशेब ठेवत नाहीत, कारण खजूर 'चांगला' असतो. मला स्वतःला गोडाची भयंकर ओढ, त्यामुळे या 'चांगला' शब्दाच्या आड किती काय खपून जातं ते मला आतून ठाऊक आहे.

मेडजूल नावाचा मोठा, मऊ, सुरकुतलेला खजूर घेऊ. बी काढल्यावर त्याचं वजन साधारण २४ ग्रॅम भरतं. त्यात ६६ कॅलरी आणि १६ ग्रॅम साखर. चहाच्या एका सपाट चमच्यात ४ ग्रॅम साखर मावते, म्हणजे एका मेडजूलमध्ये चार चमचे. आता डेग्लेट नूर घ्या. सडपातळ, अर्धवट कोरडा, रंगाने फिकट. त्याचं वजन ७ ग्रॅमच्या आसपास आणि कॅलरी २०. दोघांनाही आपण एक खजूर म्हणतो. 'रोज तीन खात जा' असा सल्ला दोन घरांत पोचला, तर एका घरात त्याच्या ६० कॅलरी होतात आणि दुसऱ्या घरात २००. खजुराबद्दलचे अर्धेअधिक वाद इथूनच निघतात असं माझं मत झालं आहे. फळ कसं आहे यावर सगळे हिरिरीने बोलतात, आकार विचारायचं कोणाच्या मनात येत नाही.

एवढी साखर त्यात येते कुठून, हे समजून घ्यायला झाडापर्यंत जावं लागतं. पिकण्याच्या टप्प्यांची अरबी नावं जगभर वापरली जातात: किमरी, खलाल, रुतब आणि तमर. किमरी म्हणजे हिरवा, टणक, तोंड आवळून टाकणारा तुरट खजूर. खलालला रंग चढतो, पिवळा किंवा लाल, पण तो अजून करकरीत असतो. रुतब मऊ पडतो, आणि तमर झाडावरच किंवा उन्हात सुकत जातो. या प्रवासात तुरटपणा देणारी टॅनिन्स विरघळेनाशी होतात, म्हणून ती जिभेला जाणवत नाहीत. मेडजूलसारख्या मऊ जातींमध्ये ऊससाखर जवळपास पूर्ण फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, तर डेग्लेट नूरमध्ये तिचा बराच भाग तसाच राहतो. पाणी उडत जातं आणि शेवटी मेडजूलमध्ये जेमतेम पाचवा हिस्सा पाणी उरतं. उरलेलं पाणी साखरेने इतकं धरून ठेवलेलं असतं की जिवाणूंना त्याचा उपयोग होत नाही. खजूर महिनोन्महिने टिकतो तो यामुळे, आणि दोन खाल्ले तरी अंगात तरतरी येते तीही यामुळेच. खारकेची वाट थोडी वेगळी. ती बहुधा खलाल अवस्थेतलं फळ पाण्यात उकळून आणि मग वाळवून करतात, म्हणून ती अशी काष्ठवत होते.

शंभर ग्रॅम मेडजूलमध्ये साखर ६६ ग्रॅम, तंतू सुमारे ७ ग्रॅम, पोटॅशियम ७०० मिलिग्रॅमच्या जवळ, मॅग्नेशियम ५४ मिलिग्रॅम, प्रथिनं दोन ग्रॅमसुद्धा नाहीत आणि क जीवनसत्त्व नाहीच म्हणा. या आकड्यांत लपवाछपवी काही नाही. हे गोड फळ आहे, त्यात तंतू बऱ्यापैकी आहेत, पोटॅशियम भरपूर आहे, आणि पॉलिफेनॉल गटातली काही द्रव्यं आहेत ज्यांच्यावर प्रयोगशाळांत बरंच काम चाललेलं असतं. बाकीची कीर्ती आपण चिकटवली.

त्यातली सगळ्यात चिवट कीर्ती लोहाची. हिमोग्लोबिन कमी आलं की कोणीतरी मायेने खजूर पुढे करतंच. माझ्या मावशीचा यावर इतका विश्वास की रक्ताचा अहवाल हातात आला की ती आधी डबा उघडायची आणि मग चष्मा शोधायची. पण शंभर ग्रॅम मेडजूलमध्ये लोह आहे सुमारे ०.९ मिलिग्रॅम. काही कोष्टकांत सुक्या खजुरासाठी याहून मोठे आकडे दिसतात, जातीप्रमाणे आणि मोजणीप्रमाणे फरक पडतो. पण मेडजूलचाच हिशेब धरला तर एका फळात ०.२ मिलिग्रॅमच्या थोडं वर. पाळी येत असलेल्या वयातल्या स्त्रीची रोजची गरज, अमेरिकेचं कोष्टक हाती घेतलं तर १८ मिलिग्रॅम आणि भारताचं घेतलं तर २९. यातला लहान आकडा धरला तरी तो खजुराने भरून काढायला ऐंशीहून अधिक मेडजूल लागतील, आणि त्यांच्या कॅलरी होतील पाच हजारांवर. शिवाय वनस्पतींमधलं लोह आतड्यात सहज शोषलं जात नाही. ते शोषायला मदत करणारं क जीवनसत्त्व खजुरात नाही, उलट शोषणात अडथळा आणणारी पॉलिफेनॉल्स आहेत. खजुराचा गडद रंग लोहामुळे आलेला असावा अशी एक भाबडी समजूत असते. तो रंग टॅनिन्स हवेशी मिळून काळवंडतात आणि साखरेच्या प्रथिनांबरोबर अभिक्रिया होतात, त्यातून येतो.

हे मी इतकं लांबवते आहे त्याला कारण आहे. खजुराने हिमोग्लोबिन वाढलं नाही तर खजुराचं काही जात नाही. पण त्या दोनचार महिन्यांत खरं कारण बाजूला पडून राहतं. पाळीत जास्त रक्त जाणं, पोटातला आतल्या आत चाललेला रक्तस्राव, जंत, बी१२ ची कमतरता, यांतलं काहीही असू शकतं आणि यांतल्या एकाचाही इलाज डब्यात नाही. मावशीला मी हे एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "अगं, पण नुकसान तरी काय आहे खाण्यात?" मावशींशी वाद जिंकता येत नसतो. मी फक्त डॉक्टरांची वेळ घेतली.

आता मधुमेहाकडे येऊ. इथे दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने बोलतात आणि दोघांकडेही थोडं खरं असतं. संयुक्त अरब अमिरातीत खजुराच्या पाच जातींवर एक अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलं होतं ते ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वर चढते याचा ग्लुकोजच्या तुलनेत काढलेला निर्देशांक. ग्लुकोजला शंभर धरलं तर निरोगी माणसांमध्ये हा आकडा साधारण ४६ ते ५५ आला आणि टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये साधारण ४४ ते ५३. रूढ वर्गवारीत ५५ आणि त्याखालचं सारं 'कमी' समजलं जातं. मग काय, 'खजूर मधुमेहींना चालतो' हे वाक्य पंख लावून उडालं. पण हा निर्देशांक ठरावीक कर्बोदकांच्या घासावर काढतात, सहसा ५० ग्रॅम. चढण किती तीव्र आहे एवढं त्यातून कळतं, तुम्ही ताटात किती वाढून घेतलंत ते त्याला ठाऊक नसतं. प्रमाण दुप्पट केलं की परिणामही वाढतो, निर्देशांक मात्र कागदावर तोच राहतो.

म्हणून मला त्यापेक्षा बहारीनमधली २०२० ची चाचणी जास्त उपयोगाची वाटते. मधुमेह किंवा त्याआधीची अवस्था असलेले शंभर प्रौढ, १६ आठवडे, एका गटाला रोज तीन खजूर आणि दुसऱ्याला त्या तोडीचे बेदाणे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी या तपासणीत खजुराच्या गटात लक्षणीय फरक पडला नाही. साखर बिघडली नाही आणि सुधारलीही नाही. एकूण कोलेस्टेरॉल थोडं उतरलं. खजुराच्या चाहत्यांनी यातलं 'बिघडली नाही' उचलावं आणि विरोधकांनी 'सुधारली नाही', अशी सोय आहे. माझ्या लेखी त्यातला मुद्दा 'तीन' हा आहे. मोजून दिलेले तीन, आणि तेही बाकीच्या आहाराच्या हिशेबात.

याच्या उलट टोकाचा एक प्रसंग असतो, साखर अचानक उतरण्याचा. हात थरथरायला लागले, घाम फुटला की जवळचा खजूर तोंडात टाकावा असं वाटणं साहजिक आहे. पण एका मेडजूलमधली जवळपास निम्मी साखर फ्रुक्टोज असते आणि ती रक्तातलं ग्लुकोज झटपट वाढवत नाही. वर चावायला वेळ, वर तंतू. अशा वेळी ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पाण्यात विरघळवलेली साखर अधिक भरवशाची, सुमारे १५ ग्रॅम, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस पुरता शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीच कोंबू नये.

ज्या कामासाठी खजुराची शिफारस मी डोळे मिटून करेन ते काम जरा संकोचाचं आहे. बद्धकोष्ठ. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठात बावीस निरोगी माणसांवर झालेल्या एका अभ्यासात २१ दिवस रोज ५० ग्रॅम, म्हणजे लहान आकाराचे सात खजूर दिले. शौचाची नियमितता सुधारली. आतड्यातल्या जिवाणूंच्या वस्तीत मात्र म्हणावा असा बदल दिसला नाही, जरी खजुराच्या जाहिराती हल्ली त्या जिवाणूंवरच चालतात. सात खजूर म्हणजे ५० ग्रॅम, हे पुन्हा एकदा पाहून ठेवा. तेच सात मेडजूल घेतले तर १६८ ग्रॅम होतात आणि साखर शंभर ग्रॅमच्या वर जाते. आणि ज्यांना आतड्याची संवेदनशीलता आहे, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात, त्यांचं गणित उलटंही पडू शकतं. खजुरात फ्रुक्टान्स नावाची कर्बोदकं असतात. ती लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, आणि मग पोटात गुबारा धरतो, कळा येतात. एकाला जे औषध तेच दुसऱ्याला रात्रभर जागं ठेवतं.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात खजूर खाल्ले की बाळंतपण सोपं जातं, हा सल्ला आता जगभर फिरतो. त्याचं मूळ जॉर्डनमधल्या अभ्यासात आहे, २०११ मध्ये छापून आलेल्या. दिवस भरत आलेल्या ६९ बायकांनी शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले, ४५ जणींनी खाल्ले नाहीत. खाणाऱ्यांपैकी ९६ टक्के जणींना कळा आपोआप सुरू झाल्या, न खाणाऱ्यांपैकी ७९ टक्के जणींना. ऐकायला जोरदार आहे. पण कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, आणि ज्या बाई रोज आठवणीने सहा खजूर खातात त्या इतर बाबतींतही वेगळ्या असू शकतात. पुढे मलेशियात १५४ जणींचे यादृच्छिक गट पाडून पाहिलं, तेव्हा कळा आपोआप सुरू होण्यात ठळक फरक दिसला नाही. कळा वाढवण्यासाठी औषध द्यावं लागण्याचं प्रमाण मात्र कमी निघालं. म्हणजे काहीतरी असेल, पण गाजावाजा झाला तेवढं नक्की नाही. माझ्या मामेबहिणीला हा सल्ला चहूबाजूंनी आला होता. तिला गरोदरपणातला मधुमेह होता, ही गोष्ट सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही आधी विचारली नाही.

इथवर जे सांगितलं त्यात धोका असला तरी तो हळूहळू येणारा. पोटॅशियमची गोष्ट निराळी आहे. निरोगी माणसाला पोटॅशियम हवंच, रक्तदाबासाठी ते चांगलं, आणि बहुतेकांच्या आहारात ते कमीच पडतं. एका मेडजूलमध्ये ते १६० मिलिग्रॅमच्या वर असतं. वजनास वजन धरलं तर केळ्याच्या जवळपास दुप्पट, पण नाव मात्र नेहमी केळ्याचंच निघतं. मूत्रपिंडं नीट चालत असतील तर जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. ती थकली असतील तर ते रक्तात साचतं, आणि रक्तातलं पोटॅशियम एका मर्यादेपलीकडे गेलं की हृदयाचा ठोका बिघडतो. बऱ्याचदा आधी काही जाणवतही नाही.

आमच्या घरातले ज्येष्ठ म्हणजे दादा. त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं थकली की रक्तात वाढणारं द्रव्य, वाढलं तेव्हा आहाराचा तक्ता मिळाला. केळं वर्ज्य, नारळपाणी वर्ज्य. दादांनी ते लष्करी शिस्तीने पाळलं. खजूर त्या कागदावर लिहिलेला नव्हता, म्हणून तो सुरूच राहिला, उलट केळ्याची जागा त्यानेच घेतली. त्यात दादांना रक्तदाबासाठी 'प्रिल' किंवा 'सार्टन' ने संपणाऱ्या नावांची जी औषधं असतात त्यांतलं एक चालू होतं, आणि ही औषधं स्वतःच पोटॅशियम थोडं वर नेतात. पुढच्या तपासणीत आकडा वर आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "फळं कुठली खाता, दादा?" दादा म्हणाले, "फळं बंदच आहेत, डॉक्टर." ते खोटं बोलत नव्हते. खजूर त्यांच्या लेखी फळात मोडतच नव्हता. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या प्रत्येकाने खजूर सोडावा असंही नाही, ते रक्ताच्या अहवालावर ठरतं. पण तपासणीच्या खोलीत त्याचं नाव निघायला तरी हवं.

दातांबद्दल एवढंच, की हे चिकट गोड दातांच्या फटींत बराच वेळ मुक्काम करतं. दिवसभर एकेक चघळत राहण्यापेक्षा जेवणाबरोबर खावा आणि चूळ भरावी. लहान मुलांना बी काढून, बारीक तुकडे करूनच द्यावा. अख्खा खजूर घशात अडकायला अगदी नेमक्या आकाराचा असतो.

खरी करामत आता कारखान्यांत चालते. खजुराचं सिरप, खजुराची पेस्ट, एनर्जी बार, 'साखर न घातलेला' केक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत अख्ख्या फळातली साखर धरलेली नाही. पण मध, सिरप आणि फळांचे रस यांतली साखर 'मुक्त साखर' म्हणून मोजायला सांगितली आहे, आणि ती एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. दोन हजार कॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅमची. अख्खा खजूर या हिशेबाबाहेर राहतो, कारण त्याची साखर तंतूंच्या चौकटीत बसलेली असते आणि ती चावून सोडवावी लागते. सिरप करताना चोथा गाळून टाकतात, तंतू त्याच्याबरोबर जातात, आणि बाटलीत उरतो तो साखरेचा पाक, रंगाने तेवढा देखणा. वेष्टनावरचं 'साखर घातलेली नाही' हे वाक्य कायद्यात बसत असेलही. पोटात गेल्यावर त्याला काही अर्थ उरत नाही. वाळलेल्या खजुराची सरळ पूड करतात, जिला 'डेट शुगर' म्हणतात, ती त्या मानाने प्रामाणिक. तंतू तिच्यात असतात, म्हणूनच ती चहात विरघळत नाही आणि तळाशी गाळ होऊन बसते. लोक तक्रार करतात ती नेमकी याचीच.

खजूर किती खावा हा प्रश्न काही आजचा नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने नोंदवलं आहे की अलेक्झांडरचे काही सैनिक गेड्रोशियात, म्हणजे आजच्या मकरान किनाऱ्याच्या मुलखात, हिरवे खजूर खाऊन मेले. त्याला जोडून तो म्हणतो की ताज्या खजुराची गोडी अशी की धोका समोर दिसल्याखेरीज माणूस खायचं थांबत नाही. सैनिक नेमके कशाने मेले ते आता कोण सांगणार. पण दुसरं निरीक्षण करताना प्लिनी आमच्याच घरात बसला असावा.

मी स्वतः काय करते, तर मेडजूल असेल तर एक, लहान असतील तर तीन, मूठभर दाण्यांबरोबर. व्यायामाला जाणार असेन तर एखादा जास्त, तेव्हा ती साखर लगेच कामी येते. आणि मी खजूर कधीही न उघडता खात नाही. ही सवय अनेकांना किळसवाणी वाटते, पण खजुराच्या आत अळ्या आणि बारीक भुंगे शिरतात ही शेतकऱ्यांना आणि गोदामवाल्यांना पुरेपूर माहीत असलेली गोष्ट आहे. काही पतंग फळावर अंडी घालतात आणि अळी बीजवळच्या पोकळीत आरामात राहते, बाहेरून सालीला ओरखडाही नसतो. बोटाने उभा चिरला की सगळं दिसतं. साल फार चकचकीत असेल तर वेष्टन वाचावं, कधी कधी वरून ग्लुकोज सिरपचा हात फिरवलेला असतो. सालीवर किंवा गरात पांढरे खडे दिसले तर घाबरायचं कारण नाही, ती साठवणीत स्फटिक झालेली साखर असते आणि जरा कोमट केल्यावर विरघळते. आतून काळी, काजळीसारखी पूड निघाली तर मात्र ती बुरशी असते, बहुतेकदा अ‍ॅस्परजिलस नायजर, आणि तिचे काही प्रकार ऑक्राटॉक्सिन हे विष तयार करतात. असा खजूर पुसून, धुऊन खायचा नाही, टाकून द्यायचा, आणि त्याच डब्यातले बाकीचेही एकेक करून चिरून पाहायचे.